हाताने भरलेला बार



कुरुंदवाडला पाणी कसे येते हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. एका अंगाने पंचगंगा, एका अंगाने कृष्णा, आणि पलीकडे नरसोबाची वाडी. संगम फुगला की रस्ते तुटतात आणि गावाचे बेट होते. 2005 साली तसे झाले, 2019 च्या ऑगस्टात झाले, पुन्हा 2021 च्या जुलैत झाले. पाणी ओसरले म्हणजे अंगणाअंगणांत वाळवण पडते. गोधड्या, जोंधळा, पोरांची पुस्तके, देवाच्या तसबिरी, सातबाऱ्याचे कागद, सगळे एका उन्हात.

2019 च्या पुरानंतर अशाच एका वाळवणातून मला हाक आली. "गुरुजी, जरा आत या. आज्याच्या पेटीत काय घावलंय बघा." फडताळाच्या खालच्या खणातली पत्र्याची पेटी होती ती. चिखल पुसून ओसरीवर ठेवलेली. आत पितळेच्या पुंगळ्या, त्यांतल्या पंधरा-वीस भरलेल्या, शिशाच्या गोळ्या, सोनाराचा छोटा काटा, आणि दोन डबे. एका डब्यात काळी दारू, भिजून ढेकूळ झालेली. दुसऱ्यात करड्या रंगाचे बारीक बारीक तुकडे. डब्यांवर कधी काळी चिठ्ठ्या होत्या, त्या पुराने धुऊन नेल्या. आजोबांची रायफल त्यांच्या पश्चात पोलिसांत जमा झाली होती, ही पेटी मात्र कुणाच्या ध्यानात राहिली नव्हती. घरातला तरुण मुलगा म्हणाला, "चुलीपाशी ठेवून वाळवतो. वाळली तर चुलत्याच्या बंदुकीला चालंल की. तिचा परवाना हाय."

मी शाळेत बरीच वर्षे छात्रसेनेचे काम केले, म्हणून गावात बंदुकीचे काही निघाले की हाक मला येते. मी त्या मुलाला म्हणालो, "आधी चूल विझव. मग बोलू."

त्या दिवशी ओसरीवर बसून जे बोललो तेच आज तुमच्यापुढे मांडतो. कारण अशा पेट्या एकाच घरात नसतात. आणि काडतूस महाग, मिळायला अडचण, मग रिकामी पुंगळी पुन्हा भरून घेऊ, हा विचार पुष्कळांच्या मनात येतो.

काडतूस म्हणजे काय, ते आधी पाहू. चार वस्तू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू, आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की टाचणी टोपीवर आपटते, टोपीची ज्योत दारूला लागते, दारूचा वायू होतो आणि तो गोळीला नळीतून पुढे ढकलतो. हे सगळे डोळ्याची पापणी लवायच्या आत होते, आणि होते कुठे? तर तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर. ट्रकच्या टायरात चौरस इंचाला शंभरेक पौंडांचा दाब असतो. तो टायर फुटला तर माणूस दगावतो हे आपण ऐकतो. आजकालच्या रायफलीच्या नळीत, काडतूस बसते त्या जागी, हाच दाब पन्नास हजार पौंडांच्याही वर जातो. त्या जागेला आपण नळीचे 'घर' म्हणू. हे घर, ती पितळेची पुंगळी आणि पाठीमागची लोखंडी कडी, एवढेच काय ते तुमच्या आणि त्या दाबाच्या मध्ये.

कारखान्यात काडतूस तयार होते तेव्हा दारूचे वजन, पुंगळीची लांबी, टोपीची खोली हे पुन्हा पुन्हा तपासले जाते. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा, जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा 1964 सालचा. तिथे शेकडो माणसे आणि यंत्रे जे काम करतात ते घरच्या ओसरीवर एकटा माणूस करायला बसतो, तेव्हा त्या सगळ्यांची जबाबदारी त्याच्या दोन डोळ्यांवर येते. चूक होते ती शिवारात नव्हे, आदल्या रात्री पाटावर. शिवारात फक्त ती उघडी पडते.

गुरुजनांसाठी इथे एक गोष्ट सांगतो. 1857 चा धडा शिकवताना आपण काडतुसाच्या चरबीची गोष्ट सांगतो. आपल्या कोल्हापुरातही त्या साली 31 जुलैला सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला होता. पण ते कागदी काडतूस मुळात होते कशासाठी, हे सांगायचे राहून जाते. त्या वेळची एनफील्ड रायफल तोंडाकडून ठासायची. शिपायाने घाईत शिंगातून अंदाजाने दारू ओतली तर कधी कमी, कधी जास्त. म्हणून एका बाराची दारू आधीच मोजून कागदात बांधलेली असे. शिपायाने कागद दाताने फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि वर गोळी ठासायची. काडतूस म्हणजे मोजून ठेवलेली दारू. ती मोज हातची गेली की काडतुसाचा अर्थच गेला.

आता त्या दोन डब्यांकडे येऊ, कारण खरे मरण त्यांत होते.

काळी दारू जुनी. सोरा, गंधक आणि कोळसा यांची. संताजी घोरपड्यांच्या काळची बंदूक हीच खात होती. ती उडाली की पांढरा धूर होतो आणि नळीत काजळी बसते. दुसरी बिनधुराची दारू. ती 1884 साली फ्रान्समध्ये निघाली, पाठोपाठ इंग्रजांनी कॉर्डाइट काढले, आणि निलगिरीत अरुवनकाडूला 1903 साली त्याचा कारखाना उभा राहिला. वजनाला वजन धरले तर बिनधुराच्या दारूचा जोर काळीच्या दुपटी-तिपटीचा. आणि तिचा स्वभावही वेगळा. दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. म्हणून दारू दहा टक्क्यांनी वाढवली म्हणजे दाब दहा टक्क्यांनीच वाढेल असे मानू नका. तो कितीतरी जास्त चढतो.

जुन्या एकबारी रायफली, म्हणजे स्नायडर, मार्टिनी-हेन्री या जातीच्या, काळ्या दारूसाठी घडलेल्या. एक काडतूस घालायचे, उडवायचे, पुंगळी काढायची, दुसरे घालायचे. लोखंड शंभर वर्षांहून जुने. अशा नळीत कुणी 'तेवढ्याच मापाने' बिनधुराची दारू भरली, तर ती नळी भरणाऱ्याच्याच तोंडावर फुटते. बरे, बिनधुराची म्हणजे तरी एकच दारू नव्हे. छऱ्याच्या बंदुकीची लवकर जळणारी वेगळी, रायफलीची सावकाश जळणारी वेगळी, पिस्तुलाची आणखी वेगळी. दिसायला सगळ्या करड्या. चवीवरून मीठ आणि तुरटी ओळखता येते. इथे चाखायची सोय नाही. डब्याची चिठ्ठी हीच ओळख. चिठ्ठी गेली की ती दारू नव्हे, तो नुसता धोका. त्या मुलाच्या चुलत्याची बंदूक छऱ्याची एकनळी, आजोबांची रायफल निराळी, डबे बिनचिठ्ठीचे. आता तुम्हीच हिशेब करा.

ज्यांना कायद्याने हे काम करायची मोकळीक आहे, अशी जाणती माणसे म्हणूनच एक शिस्त पाळतात. पाटावर एका वेळी एकच दारूचा डबा. काम संपले की उरलेली दारू त्याच डब्यात, आणि डबा कुलपात. दुसरा डबा पहिला बंद केल्याशिवाय उघडायचा नाही. माप शेजाऱ्याने सांगितलेले नाही, आठवणीतले नाही. दारू करणाऱ्याने त्या काडतुसासाठी छापून दिलेले, आणि तेही खालच्या टोकाकडून सुरू केलेले. छापील कमी मापाच्याही खाली जायचे नाही. पुष्कळांना वाटते, कमी घातली तर काय बिघडते? बिघडते. गोळी नळीतच अडकते, बार 'फुस्स' होतो, आणि पाठोपाठ दुसरा बार काढला की नळी फणसासारखी उकलते.

इथे एकबारी रायफलीची एक चांगली बाजू सांगायला हवी. हिच्यात दर बाराला मागचे दार उघडावेच लागते. आवाज वेगळा आला, धक्का कमी बसला, तर थांबा, दार उघडा, पुंगळी काढा, आणि मागच्या बाजूने नळीतून आभाळ पाहा. गोल उजेड दिसला तरच पुढे. पाच गोळ्या पोटात घेणाऱ्या रायफलीत माणूस घाईत खटका ओढतो आणि फसतो. एकबारीत घाईच होत नाही. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकात 50 मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात एकेक काडतूस हाताने घालतात. प्रत्येक गोळीला तोच संथपणा. मात्र ते पॉइंट टू टूचे काडतूस पुन्हा भरता येत नाही बरे का. त्याला वेगळी टोपी नसते. ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. एकदा उडाले की संपले. जगातला उत्तम नेमबाज कारखान्याचे काडतूस विकत घेतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

पण याच एकबारीची एक वाईट खोडही आहे. हिला काडतुसांची पेटी नाही, तेव्हा काडतूस कितीही लांब झाले तरी चालते, असे वाटते. मग माणूस गोळी पुंगळीच्या बाहेर जास्त ठेवतो, नेम बरा लागतो म्हणून. गोळी नळीतल्या पिळदार चऱ्यांना आधीच टेकून बसली की सुटायच्या क्षणी ती अडते आणि दाब एकदम उसळतो. तसेच पुंगळीचे. दर बाराला पितळ थोडे पुढे ताणले जाते. पुंगळीचे तोंड लांब झाले की घरात ते गोळीला चिमटा काढते. बुडाच्या जरा वर चमकदार रेघ दिसू लागली, तर पुंगळी तिथे तुटायला आली आहे असे समजा. तोंडाला चीर गेली, टोपीचे भोक सैल झाले, तर ती पुंगळी भंगारात. पितळेचा मोह सोडायचा. पुराच्या पाण्यात राहून गंजलेल्या पुंगळीबद्दल तर बोलायलाच नको.

मोजण्याबद्दल एक शब्द. हुपरीच्या चांदीच्या कारागिराला विचारा, काटा किती जपावा लागतो. वारा नको, हात नको, सपाट पाट हवा. काडतुसाची मापे ग्रेनमध्ये छापलेली असतात. 7000 ग्रेनचा एक पौंड. एका ग्रॅममध्ये पंधराहून थोडे जास्त ग्रेन. ग्रेन आणि ग्रॅम, कानाला जवळजवळ सारखे! आताच्या बॅटरीच्या काट्यांवर एक बटण दाबले की एकाचे दुसरे होते. ते बटण चुकून दाबले गेले, तर पंधरापट फरक. एवढा फरक बहुधा पुंगळीत मावतच नाही आणि चूक कळते. पण दुप्पट दारू मात्र पुष्कळ पुंगळ्यांत सहज मावते. म्हणून भरलेल्या सगळ्या पुंगळ्या उभ्या मांडून, गोळी बसवण्याआधी, बॅटरीच्या उजेडात एकेकीच्या पोटात डोकावून पाहतात. सगळ्यांत दारू एकाच पातळीला हवी. मध्येच कुणी हाक मारली, फोन वाजला, वीज गेली, तर हातातली पुंगळी रिकामी करून पहिल्यापासून. आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते मी सांगत नाही.

दुप्पट बाराची चूक अडाण्याचीच असते असे नाही. अमेरिकेत 1863 साली गेटिसबर्गला मोठी लढाई झाली. नंतर मैदानावरून सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा झाल्या, त्यांतल्या चोवीस हजारांच्या आसपास भरलेल्याच होत्या असे नोंदले गेले. निम्म्यांत एकावर एक दोन बार, काही हजारांत त्याहूनही जास्त, आणि एका बंदुकीत तर तेवीस. शिकवलेले शिपाई होते ते. गोंगाटात आपला बार उडालाच नाही हे त्यांना कळले नाही, आणि ते ठासत राहिले.

आपल्याकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक अजून कुठे कुठे आहे. तिच्यात हीच चूक घडते. रिकाम्या नळीत गज घालून तोंडापाशी एक खूण करा, बार भरल्यावर दुसरी. संध्याकाळी बंदूक हातात घेतली की आधी गज घालून पाहा. ती भरलेली आहे की रिकामी हे खूण सांगेल. आठवणीवर जाऊ नका. गोळी दारूवर पक्की टेकलेली हवी. मध्ये पोकळी राहिली तर तिथेच नळी फुगते. ठासताना तोंड नळीवर आणायचे नाही. नुकताच बार उडालेल्या नळीत लगेच दारू ओतायची नाही, आत एखादी ठिणगी धुमसत असते. आणि शिंगातून थेट नळीत तर कधीच ओतायची नाही. ठिणगी लागली तर हातातले शिंगच बॉम्ब होते. आधी मापात, मग मापातून नळीत.

चाप ओढला आणि बार उडालाच नाही, तर? तर बंदूक खांद्यावरून काढू नका, वळू नका, कुणाला दाखवू नका. नळी सुरक्षित दिशेला तशीच धरा आणि सावकाश साठ अंक मोजा. ठासणीची असेल तर दोनदा मोजा. ओल खाल्लेली दारू कधी कधी उशिरा पेट घेते. आपल्या पावसाळी मुलखात हे इतर ठिकाणांपेक्षा जास्त घडायचे.

आग म्हटली की लोकांना बिडी आठवते. बिडी तर नकोच. पण उदबत्ती, कंदील, देवापुढचे निरांजन, लोखंडावर लोखंड घासणे, हेही काळ्या दारूला पुरते. ती नुसत्या ठिणगीने पेटते, आणि डबाबंद असली तर भडकत नाही, फुटते. गोळ्या ओतायचे शिसे 327 अंशांना वितळते. त्या रसात पाण्याचा एक थेंब पडला तर वाफ होऊन सगळा रस अंगावर उडतो. गळक्या कौलाखाली हा उद्योग करणाऱ्याला काय म्हणावे? शिशाची धूळ पोटात गेली तर मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो. तेव्हा स्वैपाकाची कढई, उलथने, घरातला पाट या कामाला लावायचा नाही, आणि शिशाला हात लावलेल्याने साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही.

आता कायदा. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. 1959 च्या शस्त्र कायद्यात हत्यार आणि दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याशिवाय तो तयार करणाऱ्याला कमीत कमी सात वर्षे कैद सांगितली आहे. तुमच्या परवान्यावर काडतुसे किती आणि दारू किती ठेवता येते हे लिहिलेले असते. ते वाचा, कळले नाही तर मास्तरांकडून वाचून घ्या. रानडुक्कर उसात शिरले तरी 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय त्याच्यावर बार टाकता येत नाही. पीक जाते त्याचे दुःख मला कळते. वनखात्याकडे अर्ज, पंचनामा, भरपाई, यात शेतकऱ्याचे जोडे झिजतात हेही मी पाहिले आहे. तरीसुद्धा घरी भरलेले काडतूस हा त्यावरचा उपाय नव्हे. आणि ते गावठी बॉम्ब, भक्ष्यात घालून बांधावर ठेवायचे, ते तर आपल्याच गाई-कुत्र्यांचे जबडे फोडतात.

गुरुजनांना एवढीच विनंती, की पावसाळ्यानंतर शाळा उघडली म्हणजे वर्गात एकदा हे बोला. पूर ओसरल्यावर चिखलातून काय काय वर येते. पोरांना पितळ दिसले की ती उचलतात, दगडावर ठोकतात, होळीत टाकतात. "हात लावायचा नाही, तिथेच एकाने थांबायचे, दुसऱ्याने मोठ्या माणसाला बोलवायचे" एवढे तीन वेळा म्हणून घ्या. भिजलेले काडतूस निकामी झाले असे कुणी सांगू शकत नाही. पुंगळीचे तोंड घट्ट असले तर आतली दारू कोरडीच राहते.

त्या पेटीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. मुलाचा पहिला विचार नदीत टाकायचा होता. मी म्हणालो, घाटावर बायाबापड्या आंघोळीला येतात, पोरे बुड्या मारतात, कोळ्यांची जाळी पडतात, नदीत नाही. पुरायचीही नाही, उद्या तिथेच नांगर फिरेल. जाळायची तर मुळीच नाही. ज्या घरात अशी वस्तू निघते आणि ती ठेवायचा परवाना नाही, त्याने ती उशीर न करता पोलीस ठाण्याच्या ताब्यात द्यायची, अशी शस्त्र कायद्यातच तरतूद आहे. स्वतः होऊन कळवणाऱ्याने भ्यायचे कारण नाही. पण पेटी पिशवीत घालून मोटरसायकलवरून ठाण्यात न्यायची नाही. आपण फक्त कळवायचे.

पेटी ओसरीवरून उचलून गोठ्यापलीकडच्या रिकाम्या पडवीत सावलीला ठेवली, दाराला कडी घातली, आणि पोरांना शेजारच्या घरी पाठवले. मुलगा ठाण्यात जाऊन सांगून आला. दुसऱ्या दिवशी माणसे आली, पंचनामा झाला, आजोबांच्या जुन्या परवान्याचा भिजलेला कागद त्याला जोडला, आणि पेटी गेली. सोनाराचा काटा तेवढा त्यांनी ठेवून दिला. तो मी घरच्यांकडून मागून घेतला, दोनदा साबणाने धुतला, आणि शाळेला दिला. वजने-मापे शिकवताना ग्रॅम आणि ग्रेन यांतला फरक त्यावर मुलांना दाखवता येतो.